दहा दिले, नऊ आले

जर्नलं यायला लागली की माझा फेब्रुवारी सुरू होतो, कॅलेंडर काहीही म्हणो. बदलापुरात आमच्या इमारतीमागच्या आंब्याला मोहोर धरलेला असतो. त्याचा वास सकाळी गॅलरीत येतो आणि अंबरनाथला कॉलेजच्या पायऱ्या चढेपर्यंत नाहीसा होतो, कारण तिथल्या वाऱ्याला कारखान्यांचा वास असतो, औषधाच्या बाटलीचं बूच उघडल्यासारखा. लॅबच्या दाराशी चपलांचा ढीग. टेबलावर तपकिरी कव्हरं घातलेल्या वह्यांचे तीन गठ्ठे. मी लाल पेन उघडते आणि सह्या करायला बसते. एका वहीत अठरा प्रयोग, म्हणजे अठरा सह्या. मनगट दुखतं. या कामात याहून जास्त दुखण्यासारखं काही असेल असं आमच्या नव्या शिक्षकांना वाटत नाही. मला वाटतं, पण तेही एकाच पानावर, अकराव्या प्रयोगापाशी.

ज्यांनी बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलं नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रोग्रॅम आधी मशीनवर चालवायचा आणि मग तोच वहीत निळ्या पेनाने उतरवायचा. डाव्या कोऱ्या पानावर पट्टी लावून पेन्सिलीने चौकोन आखायचा. तो चौकोन म्हणजे स्क्रीन. त्यात उत्तर लिहायचं. असा नियम आहे. प्रत्यक्षात मशीनवर चालवायचा भाग केव्हाच गळून पडला. मुलं मागच्या वर्षीच्या मुलांची वही मिळवतात आणि बघून लिहितात. मागच्यांनी त्यांच्या मागच्यांची बघून लिहिलेली असते. पहिली वही कुणाची होती ते कुणालाही सांगता येणार नाही.

अकराव्या प्रयोगात दहा आकडे चढत्या क्रमाने लावायचे असतात. चौकोनात वरच्या ओळीत दिलेले आकडे, खालच्या ओळीत लावून आलेले. वर दहा. खाली नऊ. वरच्या ओळीतला पंचेचाळीस खाली नाही. कुठल्या तरी वर्षी कुणाच्या तरी हातून तो लिहायचा राहिला, पुढच्याने तसंच उतरवलं, आणि मग ते तसंच चालू राहिलं. त्या चौकोनाखाली मी सात वर्षं सही करत होते. नऊ आकडे मोजायला कितीसा वेळ लागतो? मी मोजले नव्हते.

मोजले ते वनिताने, तेरा वर्षांपूर्वी.

वनिता बदलापूरजवळच्या चामटोलीची. बारीक, सावळी, केसांना इतकं तेल लावणारी की मॉनिटरच्या उजेडात तिची वेणी चमकायची. एका दुपारी ती वही घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि चौकोनावर बोट ठेवून उभी राहिली.

"मॅडम, दहा दिलेत आणि नऊच आलेत. पंचेचाळीस कुठं गेला?"

"लिहायला विसरली असशील."

"मी नाही विसरले. प्रियंकाच्या वहीत पण नाही. मागच्या वर्षीच्या वहीत पण नाही. मशीनवर चालवला तर दहाच्या दहा येतात." तिने चौकोनावरचं बोट उचललं. "म्हणजे मशीन नाही खात, माणसंच खातायत."

मोहिनी आमची लॅब अटेंडंट. उल्हासनगर कॅम्प एकची, सिंधी, पंचवीस वर्षं मराठी ऐकून मराठीत हिंदी आणि हिंदीत मराठी बोलणारी. ती मॉनिटरांची कव्हरं झटकत होती. त्या कव्हरांना झालर तिनेच घरी शिवून लावली होती. ती तिथूनच म्हणाली, "अरे खा लिया होगा किसीने. नऊ तर बरोबर आले ना? बाकी एक के लिए मॅडम को क्यों तकलीफ देती है?"

आम्ही हसलो. मीही हसले. मग वनिताला म्हटलं, "तुझ्या वहीत दुरुस्त कर."

"आणि बाकीच्यांच्या?"

"बाकीच्यांच्या मी बघते."

मी बघितल्या नाहीत. चार दिवसांवर प्रॅक्टिकल होती. शंभर वह्या परत द्यायच्या, परत घ्यायच्या, परत सह्या करायच्या, हे कुणी करायचं? वनिताने खालच्या ओळीत दोन आकड्यांच्या मध्ये बारीक अक्षरात पंचेचाळीस घुसवला. अख्ख्या कॉलेजात तेवढ्या एकाच वहीत तो होता.

तिला कॉलेजात टिकवून धरलं ते मी, हेही इथेच सांगून टाकते, कारण पुढचं त्याच्यावर अवलंबून आहे. आदल्या वर्षी, म्हणजे ती अकरावीत असताना, याच दिवसांत ती पंधरा दिवस वर्गात दिसली नाही. मी चौकशी करत चामटोलीला गेले. भात कापून झालेल्या शेतांत वाल तयार झाला होता. अंगणात शेंगांचा ढीग होता आणि वनिता, तिची आई आणि वडील तिघं तो सोलत बसली होती. ओसरीवर जीन्सच्या पँटींचे गठ्ठे होते. आई उल्हासनगरच्या कारखान्यातून ते आणायची, घरी बसून शिवणीवरचे सुटे धागे कापायची आणि मापाप्रमाणे बांधून परत पाठवायची. वनिताचा मामा त्याच कारखान्यात कारागीर होता. वनिताने आता तिथेच जावं, असं चाललं होतं.

वडील शेंगा सोलायचं न थांबवता म्हणाले, "बाई, मना कॉम्प्युटरातला काय कलत नाय. पोर शिकते म्हनजे काय करते, तां पन कलत नाय. तुमी सांगा, हिचा पुढं काय व्हनार?"

मी म्हटलं, तिचं डोकं चांगलं आहे, ती पुढे शिकली तर या कामात मोठी होईल.

"बरा. मंग बारावीला कॉम्प्युटरात चांगला मार्क पडला तर शिकंल. नाय पडला तर मामाकडं जाईल. तुमी बोलता म्हनून हां."

"माझी जबाबदारी," मी म्हणाले.

शिक्षक हे वाक्य फार सहज बोलतात. मी त्या दिवशी निघताना पिशवीभर शेंगाही घेऊन आले आणि घरी त्यांची बिरडी केली. छान झाली होती.

वनिता बारावीत आली त्या वर्षी आमच्याकडे शुक्रवारी लाईट बंद असायची, दुरुस्तीसाठी. बाकीचे शिक्षक शुक्रवारी मुलांना सोडून द्यायचे. मी सोडत नसे. मी ज्या काळात शिकले त्या काळात एका मशीनवर बाराजणांची पाळी असायची. पंधरा मिनिटं मिळायची. त्यामुळे प्रोग्रॅम कागदावर इतका पक्का करून न्यावा लागे की मशीनपुढे बसल्यावर फक्त टाइप करायचं उरेल. चौकटीच्या कागदावर प्रत्येक चलाची, म्हणजे ज्याची किंमत बदलत जाते त्याची, एक रांग आखायची आणि प्रत्येक ओळीनंतर त्याची किंमत काय झाली ते पेन्सिलीने लिहीत जायचं. स्वतःच मशीन व्हायचं. सांगितलंय तेवढंच करायचं, मनात काय होतं ते धरायचं नाही. हे वाटतं तितकं सोपं नाही. माणूस समोरच्याचं अर्धं वाक्य ऐकतो आणि उरलेलं स्वतःच भरून घेतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ही सवय मोडावी लागते. "मीठ घाल" एवढं म्हणून चालत नाही. किती, कधी, कशात, आणि आधीच घातलेलं असेल तर काय, हे सगळं आधी स्वतःला कळावं लागतं. मला या विषयाचं प्रेम आहे ते एवढ्यासाठी. यात स्वतःला फसवता येत नाही. विचार कच्चा असेल तर उत्तर कच्चं येतं आणि ते सगळ्यांसमोर येतं.

आणि दुसरी गोष्ट अशी की चांगल्या प्रोग्रॅमला वळण असतं. ब्लाउज बेतताना चांगली शिंपीण कापड हातात घेऊन आधी नुसती बघत राहते. कुठून कात्री लावली तर बाही जोड न देता निघेल हे तिला दिसतं. मग ती दोन मिनिटांत कापते. प्रोग्रॅमचंही तसंच आहे. चाळीस ओळींत होणारं काम कुणीतरी नऊ ओळींत करतं आणि त्या वाचताना वाटतं, हे याहून वेगळं असूच शकत नव्हतं. असं मला आयुष्यात मोजक्या वेळा दिसलं. त्यातलं एकदा लाईट नसलेल्या शुक्रवारी.

मी मुलांना चिठ्ठ्या वाटल्या होत्या, प्रत्येकीवर एक आकडा, शंभराच्या आतला. दहाजणांना फळ्यासमोर उभं केलं आणि जर्नलमधली पद्धत करून दाखवायला लावली. तिला बबल सॉर्ट म्हणतात. शेजारच्या दोघांनी आकडे ताडून बघायचे, डावीकडचा मोठा असेल तर जागा बदलायच्या, मग पुढचे दोघं. शेवटपर्यंत गेलं की पुन्हा पहिल्यापासून. मुलं एकमेकांच्या पायांवर पाय देत होती, हसत होती, चौथ्या फेरीपर्यंत कंटाळली. वनिता भिंतीला टेकून बघत होती.

"मॅडम, यांना भांडायला कशाला लावताय?"

"म्हणजे?"

"ताडून कशाला बघायचं? आकडे शंभरच्या आतलेच आहेत ना? मग शून्यापासून शंभरपर्यंत खण करायचे. ज्याचा जो आकडा, त्याच्या खणात एक रेघ. सगळ्यांच्या रेघा मारून झाल्या की पहिल्या खणापासून वाचत जायचं. दोन रेघा असल्या तर दोनदा म्हणायचं. झालं." मग तिला वाटलं की आणखी काही सांगायला हवं. "आई जीन्स अशीच लावते. अठ्ठावीसच्या पँटीला तिसाच्या पँटीशी भांडायला लावत नाही."

वर्ग हसला. मी हसले नाही. मी तिला खडू दिला. तिने फळ्यावर ते लिहिलं, दोनदा अडखळली, एकदा पुसलं, आणि तिचं झालं तेव्हा फळ्यावर नऊ-दहा ओळी होत्या.

या पद्धतीला नाव आहे. पुस्तकात तिला काउंटिंग सॉर्ट म्हणतात. मला ते माहीत होतं. मी तिला सांगितलं नाही. मला वाटलं, आज तिचं तिला सापडलंय, हे आधीच कुणीतरी करून ठेवलंय असं आत्ताच कशाला सांगा. मी एवढंच म्हणाले, "हे डोकं सोडू नकोस." ती लाजली नाही, हसलीही नाही. हातावरचा खडू झटकून जागेवर जाऊन बसली. तो माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला तास होता आणि त्यातलीच एक गोष्ट मी चुकीची केली.

तीन आठवड्यांनी जर्नलवर शेवटची सही करताना मी तिला बजावलंही. "परीक्षेत जर्नलमधलंच लिही हं."

"का? माझंही बरोबर येतं."

"येतं. पण बाहेरचे परीक्षक असतात. त्यांना सवयीचं लागतं."

"तुम्हीच म्हणालात डोकं सोडू नकोस."

"परीक्षेपुरतं सोड," मी म्हणाले. विनोद म्हणून म्हणाले. तिने तो विनोद म्हणून घेतला असावा.

बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला आमच्याकडे सगळे एक्स्टर्नल म्हणतात. लॅबमध्ये धूळ जाऊ नये म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या हा आमचा नियम. प्रिन्सिपॉलसुद्धा मोज्यांवर येतात. एक्स्टर्नलला मात्र कुणी बूट काढायला सांगत नाही. त्या वर्षीचे एक्स्टर्नल साधारण पन्नाशीचे, थकलेले, सकाळपासून दोन कॉलेजं करून आलेले. वाईट माणूस नव्हता. मोहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "साहब का मूड ठीक नहीं है. चाय के साथ समोसा बोलूँ क्या?" मी म्हटलं, बोल.

मुलांनी चिठ्ठ्या उचलल्या. वनिताच्या चिठ्ठीत आलं: एका वर्गातल्या दहा मुलांचे शंभरपैकी मार्क चढत्या क्रमाने लावा. कुठली पद्धत ते लिहिलेलं नव्हतं. तिने चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला कळलं, आणि मी मान हलवून नाही म्हणायच्या आत ती टाइप करायला लागली होती.

एक्स्टर्नल तिच्या मशीनपाशी आले तेव्हा अजून दोन बॅचेस व्हायच्या होत्या.

"ही बबल सॉर्ट नाही."

"नाही सर."

"मग काय आहे?"

"सर, ही जीन्सची पद्धत आहे."

"कसली?"

"जीन्सची. पँटी मापाप्रमाणे लावतात ना, तशी."

ते हसले. दुष्टपणे नाही, थकलेला माणूस हसतो तसे. "या पद्धतीचं पुस्तकातलं नाव काय?"

"नाव माहीत नाही सर. पण तुम्ही कुठलेही मार्क टाका, बरोबर लागून येतात. टाकून बघा ना."

त्यांनी टाकून बघितले नाहीत. की-बोर्ड त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होता. त्यांनी तिचं जर्नल उघडलं, अकरावा प्रयोग काढला, शेजारच्या मुलीचं जर्नल त्याच्याशेजारी ठेवलं आणि खालच्या ओळी बोटाने ताडत गेले. मग आणखी एक जर्नल घेतलं.

"बाकी सगळ्यांच्या वहीत नऊ आहेत, हिच्याच वहीत दहा. इथेही हिने मनाचंच काहीतरी घातलंय." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, हे तुम्ही शिकवलंत?"

 वनिता माझ्याकडे बघत होती, अगदी निश्चिंतपणे. मॅडम आता सांगतील, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"नाही," मी म्हणाले. "मी नाही शिकवलं."

शब्दाशब्दाने खरं होतं. मी नव्हतंच शिकवलं. मशीनला प्रश्न विचारला असता तर त्यानेही हेच उत्तर दिलं असतं, विचारलं तेवढंच. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की मशीन मनातलं ओळखत नाही, माणूस ओळखतो. त्या दिवशी मला एक्स्टर्नलच्या मनातला प्रश्न नीट ऐकू आला होता. ते विचारत होते, ही पद्धत खरी आहे का? त्याचं उत्तर दोन शब्दांचं होतं, आणि ते नाव मला येत होतं.

पुढे मी लोकांना सांगताना म्हणायची की तेव्हा माझी नोकरी कायम व्हायची होती, एक्स्टर्नलशी वाद घालणं परवडण्यासारखं नव्हतं. ऐकणारे मान हलवायचे. ते खोटं आहे. नोकरी दोन वर्षांपूर्वीच कायम झाली होती. कारण एवढंच की उशीर होत होता. अजून दोन बॅचेस होत्या, समोसे गार होत होते, आणि मला वाटलं, एका मुलीने काय होतंय. नऊ तर बरोबर आले.

प्रॅक्टिकलला मार्क काठावरचे पडले. लेखी परीक्षेत तिने चांगलं लिहिलं होतं, पण दोन्ही मिळून कॉम्प्युटरचा आकडा बाकी सगळ्या विषयांच्या खाली गेला. निकालानंतर तिचे वडील कॉलेजात आले. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. चपला लॅबच्या बाहेर काढून दारात उभे राहिले. मी आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"बाई, पोर म्हनते उत्तर बरोबर व्हता. खोटा बोलते का ती? येवढाच सांगा."

"खोटं नाही बोलत. उत्तर बरोबर होतं."

"मंग?"

"पद्धत वेगळी होती. परीक्षेत ठरलेली पद्धत लागते."

 ते मला काही बोलतील म्हणून मी तयारी केली होती. जबाबदारीच्या वाक्याची आठवण करून देतील, आवाज चढवतील. तसं काही झालं नाही.

"बरोबर आलेल्याला जिथं मार्क नाय, तिथं पोर घालून काय करू?" ते म्हणाले. मग चपला घातल्या आणि गेले.

मी बरीच वर्षं प्रोग्रॅममधलं तर्कशास्त्र शिकवते. त्या वाक्यात चूक कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

आता तेरा वर्षांत पुष्कळ बदललं. मशीनं बदलली, झालरीची कव्हरं गेली, विभागप्रमुख म्हणून दारावर माझं नाव लागलं. मुलं आता मला प्रोग्रॅम विचारत नाहीत, फोनला विचारतात. फोन लिहून देतो. चांगला लिहितो, माझ्याहून नीटनेटका. कधीकधी तो वेगळीच पद्धत देतो आणि मूल ती जशीच्या तशी आणून दाखवतं. हे असं का, असं विचारलं की फोनकडे बघतं. मला राग येत नाही. यांनी आधी वह्या बघून लिहिलं, आता फोन बघून लिहितात. आम्हीच तर शिकवलंय की उत्तर कुठून तरी आणायचं असतं. गंमत एवढीच की फोनने दिलेला प्रोग्रॅमही शेवटी निळ्या पेनाने जर्नलमध्ये उतरवावा लागतो, पट्टीने चौकोन आखून.

मी स्वतः एक्स्टर्नल म्हणून जाते तेव्हा सगळ्यांना भरपूर मार्क देते. माझ्याबद्दल चांगलं बोलतात. फार समजूतदार मॅडम आहेत म्हणतात. यात समजूत कसली? कुणाचं डोकं खरं आणि कुणाचं उसनं हे बघायला वेळ लागतो. भरपूर मार्क द्यायला लागत नाही.

मोहिनी गेल्या महिन्यात निवृत्त झाली. तिने मला घरी जेवायला बोलावलं. सिंधी कढी, भात, वर गोड बुंदी. जेवण झाल्यावर पापड मोडता मोडता म्हणाली, "मॅडम, वो जीन्सवाली लडकी याद है? मेरे देवर के कारखाने में है ना, पाच नंबर कॅम्पला. पूरा कटिंग वही संभालती है. चलो, मिलके आते हैं."

मी नको म्हणणार होते. मोहिनीने तोपर्यंत रिक्षाला हात केला होता.

कारखाना एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. शिवणयंत्रांचा आवाज जिन्यातच अंगावर येतो. सगळ्यांच्या भुवयांवर निळी धूळ. आत भिंतीवर मोठा पांढरा फळा होता. अठ्ठावीसपासून बेचाळीसपर्यंत खण आखलेले आणि प्रत्येक खणात रेघा. चार उभ्या, एक आडवी. फळ्याजवळ वनिता. वेणी तीच, अंग भरलेलं, कानावर मार्कर. कुणीतरी पलीकडून ओरडलं, "वनितादीदी, चौंतीस का लॉट पूरा हुआ क्या?" तिने फळ्याकडे नजर टाकली आणि म्हणाली, "छह कम है. सलीम के टेबल पे देख, नीचे गिरा होगा." टेबलाखाली सहा पँटी निघाल्या.

मला बघून ती थबकली नाही. "मॅडम, बसा. त्या गठ्ठ्यावर बसा, काळ्या आहेत, डाग नाही लागायचा. जाड झालात तुम्ही."

मी बसले. मोहिनी दिराशी बोलायला आत गेली. काय बोलायचं हे मी रिक्षात ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना. मी फळ्याकडे बघत म्हणाले, "वनिता, याला काउंटिंग सॉर्ट म्हणतात. पुस्तकात आहे हे."

"असं?" तिने एका खणात रेघ मारली. "कधी कळलं तुम्हाला?"

"तेव्हाही माहीत होतं."

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता येईल ते ऐकून घ्यायचं. तिने मार्कर कानावर परत ठेवला.

"माझ्या मनात यायचं कधीकधी, की मॅडमना माहीत नसणार. माहीत असतं तर बोलल्या असत्या." मग यंत्रांच्या आवाजात जरा मोठ्याने, "पंचेचाळीस आला का हो परत जर्नलमध्ये?"

"नाही."

"अजून नऊच?"

"नऊच."

"मग इतकी वर्षं तुम्ही सही कशाखाली करताय?"

 उत्तरासाठी ती थांबली नाही. चहा सांगितला, मला एक अर्धा कप दिला, स्वतः उभ्याने घेतला आणि छत्तीसच्या लॉटकडे गेली. जाताना एकाला म्हणाली, "ये मेरी कॉलेज की मॅडम है." कॉलेजच्या मॅडम म्हणजे काय, हे त्याला कळलं नसावं. त्याने मान डोलावली आणि शिवत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये लवकर गेले. आता जर्नलची मूळ प्रत वहीत नसते, एका फाईलमध्ये असते. ती मुलांच्या ग्रुपवर पाठवली जाते, मुलं फोन समोर ठेवून त्यातून उतरवतात. मी ती फाईल उघडली, अकराव्या प्रयोगापाशी गेले, खालच्या ओळीत पंचेचाळीस त्याच्या जागी घातला आणि फाईल पुन्हा पाठवली. एवढंच काम. एक मिनिट लागलं. तेरा वर्षं आणि एक मिनिट.

सोबत काही लिहिलं नाही. मुद्दाम. म्हटलं, कुणीतरी येईल. मागच्या वर्षीची वही शेजारी ठेवून लिहिणारं एखादं तरी असेल. ते माझ्या टेबलाशी येईल, चौकोनावर बोट ठेवेल. मी काय उत्तर देणार तेही ठरवून ठेवलं होतं. तिचं नाव सांगणार होते, चामटोलीच्या मुलीचं, आणि पद्धतीचं नावही.

आज वह्या आल्या. मी लाल पेन बाजूला ठेवलं आणि आधी सगळ्यांचं अकरावं पान काढून बघितलं. एकूण एक वहीत वर दहा, खाली दहा. पंचेचाळीस आपल्या जागी, निळ्या अक्षरात, सगळीकडे सारखा. मी शेवटच्या वहीपर्यंत मोजत गेले आणि मग संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत बसले.

पंचेचाळीस कुठून आला, हे विचारायला कुणीही आलं नाही.